सगुण कंडक्टरची तारा बघायची खुर्ची

सगुण कंडक्टरला बसलेला पाहिलाय असं सांगणारा माणूस पेडण्यात शोधून सापडला नसता. पेडणे-म्हापसा बसवर अठरा वर्षं तो उभा होता, सकाळी साडेसहापासून दिवेलागणीपर्यंत. घरी परतला की पोटऱ्या अशा ठणकत, की जेवायलाही नको वाटे.

सत्त्याण्णव सालच्या चैत्रात शेपटीवाला तारा उगवला आणि बसमध्ये दुसरा विषयच उरला नाही. मासे विकणाऱ्या बायका त्याचंच बोलत, शाळेतले मास्तरही त्याचंच. आता गेला की दोन-अडीच हजार वर्षं परत येणार नाही, असं मास्तरांनी सांगून ठेवलं होतं.

"सगुण, तारो बघलंस मरे?" जो तो विचारी.

"बघलंय तर!" सगुण तिकीट फाडता फाडता म्हणे. ही थाप दिवसातून पन्नासदा मारून तो विटून गेला होता. ताराही बघायचा होता, आणि अंगात त्राणही नव्हतं.

तारा अंधार पडल्यावर तासभर दिसे आणि मग डोंगराआड जाई. तेवढा वेळ मान वर करून उभं कोण राहणार? म्हणून सगुणनं परसात सोय केली. मोडीत निघालेल्या बसची एक सीट मागितली आणि चिरे लावून ती मागे कलती केली. भाताचा कोंडा भरून मानेखाली उशी आली. पाय ठेवायला सोड्याच्या बाटल्यांचं खोकं आलं. शेजाऱ्याची ट्यूबलाइट डोळ्यांत येई, तिच्या आड झावळी बांधली. डासांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर केला. राजाचा थाट झाला म्हणा ना!

पहिल्या संध्याकाळी सगुण त्यात टेकला आणि पाच मिनिटांत घोरू लागला.

"अवो, उठा. तारो गेलो," बायको रुक्मिणी हलवत होती.

"गेलो? तुका सांगितलेलं ना, उठय म्हणान!"

"तीनदा उठयलंय. तुमी नुसते कोलवाळ, कोलवाळ म्हणान झोपेत थांबो पुकारत होतात."

सगुणला वाटलं, मान अवघडते म्हणून डोळा लागतो. त्यानं उशी आणखी मऊ केली. झोप आणखी लवकर आली. पंधरा दिवस हेच चाललं, आणि रोज रुक्मिणी त्याच्या अंगावर चादर घालून आत भांडी घासायला जाई. एव्हाना चांदणं वाढलं, तारा फिका होत चालला.

शेवटी एका संध्याकाळी सगुणनं खुर्चीला हातच लावला नाही. कपडे वाळत घालायची तार दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला. आणि माडाच्या डाव्या बाजूला तो दिसला, धूसर, पण शेपटीसकट. सगुणच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रुक्मिणी, भायर ये गो! दिसता!"

ती ओले हात पदराला पुसत आली. "खंय?"

"बस आधी. बसान नीट दिसता."

ती अवघडून टेकली. "बरी आसा हो खुर्ची," म्हणाली.

"आता माडाच्या शेंड्याकडे बघ. तेच्या खाली, डावीकडे. शेपूट वर आसा, दिसली?"

सगुणनं वळून पाहिलं. रुक्मिणीची मान उशीवर कलली होती, तोंड किंचित उघडं, पदर अजून मुठीत. ती पहाटे चारला उठते, हे त्याला ठाऊक होतं. पण पंधरा दिवसांत तिला एकदा बस म्हणावं, हे काही त्याला सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तारा डोंगरापासून वीतभर वर होता. सगुणनं तिला उठवायला हात पुढे केला, खांद्याजवळ नेला आणि तसाच मागे घेतला.

मग तो आत गेला आणि भांडी घासायला बसला.