टिफिन या शब्दाची किंमत

श्यामराव गेल्याचं मला शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात कळलं. फोन त्यांच्या पत्नीचा, कमलाक्कांचा. ‘अगे, ते गेले...’ एवढंच त्या बोलल्या. त्या दिवशी मला खुर्चीत बसवेना.

श्यामराव माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. बसत म्हणजे काय, पाच मिनिटं टेकत. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या तमिळ मुलुखात मुरलेले. मी पुण्याहून नुकतीच आलेली. वेबसाइटसाठी ‘डॉट इन’चे पत्ते तेव्हा सगळ्यांना विकत घ्यायला मोकळे झाले होते आणि श्यामरावांना त्यांचा नुसता ध्यास लागला होता. दागिने, लग्न, तांदूळ अशा साध्या शब्दांचे इंग्रजी पत्ते धंद्याला किती मोलाचे, हे दुकानदार त्यांनाच विचारत. आणि हे चहाच्या टपरीवर दिसेल त्याला विचारणार, ‘साडी हवी तर इंटरनेटवर काय टाइप कराल?’

स्वतःसाठी त्यांनी एकच नाव घेतलं होतं, टिफिन डॉट इन. ‘तुम्ही पुण्याचीं टिफिन म्हणजे डबा म्हणतां, आम्हांस टिफिन म्हणजे इडली-दोसा. एका शब्दास दोन गिऱ्हाइकें!’ ते विकून तांबरमचं घर वाढवायचं, असं कमलाक्कांनी मनाशी धरलं होतं.

मग नुंगंबाक्कमच्या एका हॉटेलमालकानं श्यामरावांना बोलावलं. त्याच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मीही गेले. तो म्हणाला, ‘सर, टिफिन डॉट इन घ्यायचं आहे. मालक कोण ठाऊक नाही, पण किती द्यावेत ते सांगा.’ श्यामराव उठले, खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले...

‘मालक मीच,’ ते म्हणाले. ‘म्हणून माझा भाव धरू नका. आणि खरं सांगायचं तर लोक आता अंदाजानं पत्ता टाइप करत नाहीत, सर्चमध्ये शोधतात. मागं मी मोठा आकडा सांगितला असता. आज सांगवत नाही.’

मालक ‘विचार करतो’ म्हणाला. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

कमलाक्कांचा राग बरेच दिवस गेला नाही. श्यामरावांनाही चैन नव्हतं. कामाच्या मध्येच उठून विचारत, ‘चूक केलों का मी? पण लटकें कसें सांगूं?’ मी ‘नाही’ म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. पुढे छातीत दुखू लागलं, तेही त्यांनी चालता चालताच अंगावर काढलं...

परवा मी तांबरमला कमलाक्कांकडे गेले. टिफिन डॉट इनची मुदत संपत आली होती, ते ठेवायचं तर पुन्हा पैसे भरायला हवे होते. सगळे ‘सोडून द्या’ म्हणत होते. कमलाक्कांनी कंप्युटर लावला. ‘कसें भरायचें, दाखव.’ मी पान उघडून दिलं. मालकाच्या रकान्यात अजून श्यामरावांचंच नाव होतं.

‘हें बदलायला हवें ना?’ त्यांनी विचारलं.

‘हवं,’ मी म्हटलं. ‘पण आजच असं नाही.’

त्यांनी मान हलवली, पैसे भरले आणि नाव तसंच राहू दिलं.