फोनमधला चंद्र आणि आईचा उपास

मित्रहो, या ग्रुपवर मी चंद्राचे फोटो टाकतो आणि तुम्ही कौतुक करता. आज मला त्या फोटोंचाच संशय आला आहे.

आज संकष्टी. मोतीबिंदूमुळे आईला चंद्र दिसत नाही, म्हणून नव्या फोनवर फोटो काढून, मोठा करून दाखवतो. मग ती उपास सोडते. तासाभरापूर्वी ढगाआड नुसता पांढुरका उजेड दिसला. फोटो काढला, तर त्यात डागांसकट लख्ख चंद्र!

बायको म्हणाली, "अवो, आभाय भरलं हाये, अन् तुमच्या फोटोत एक बी ढग नाही?"

भाव नाही म्हणून यंदाचा कापूस घरातच भरून आहे. त्यातला एक पुंजका गोल चपटा केला, काळ्या छत्रीवर ठेवला, उजेड कमी केला आणि दाराबाहेरून झूम करून फोटो घेतला. फोनने कापसावरही स्वतःहून चंद्राचे डाग उमटवले.

"येचला तवा त साफ होता," बायको हसली.

मला हसू आलं नाही. इतक्या संकष्ट्यांना मी आईला काय दाखवलं?

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फोटो राहू दे, बापू. तू तुह्या डोयानं पायला का, थे सांग. मी त तुह्या म्हणण्यावर जेवतो."

मला हो म्हणता आलं नाही.

ताट झाकून ठेवलं आहे, मी अंगणात उभा आहे. कळंब, लोहारा, मुकुटबन, कोणाकडे आभाळ मोकळं आहे का? फोटो टाकू नका. डोळ्यांनी पाहिला असेल तरच लिहा.