लाल काठाचं पुस्तक

माझ्या अलमारीत दोन फळ्या पुस्तकं आहेत, सगळी फोटोंची आणि चित्रांची. भिंतीवर काढतात ती चित्रं, गोंदणं, पोळ्याचे बैल, गोधड्या. लहान लहान छापखान्यांत थोड्याच प्रती निघालेली, दुकानात कधी न आलेली. मी शाळेत गेलो दोनच वर्षं, तीही उर्दू शाळा. मराठी अक्षर शिकलो ते सेलूच्या छापखान्यात. तिथं मी मशीनला पाय मारायचो. निजामाचं राज्य गेलं, उर्दूची कामं आटली, मराठी अक्षरांचे शिशाचे खिळे आले, ते उचलता उचलता वाचायला लागलो. जालना, नांदेड, हैदराबादच्या मशीनवाल्यांशी ओळखी होत्या. त्यांच्याकडं असं पुस्तक छापलं की एक प्रत रेल्वेनं मला यायची, आमच्याकडची तिकडं जायची. या पुस्तकांची मला लय घमेंड होती. आजही आहे, खोटं कशाला बोलू.

त्यातलं एक आमच्याच मशीनवर छापलेलं. परभणीकडचा एक फोटोवाला गोधड्यांचे फोटो घेत गावोगाव, वाड्यावस्त्यांवर हिंडला होता. बाया तोंडाचा फोटो काढू देईनात, म्हणून त्यानं नुसते शिवणारे हात घेतले. बांधणीसाठी त्यानं बायांकडून जुनेरं मागून आणली. त्या लुगड्यांचे तुकडे पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवले, म्हणून एका प्रतीसारखी दुसरी प्रत नाही. ढिगातून मी माझी निवडली. वरच्या पुठ्ठ्यावर लाल काठ, आणि काठाला बारीक टाक्यांनी रफू केलेलं.

पाऊस सरला की मी पुस्तकांना ऊन द्यायचो, नाहीतर कसर लागते. दोनेक वर्षांनी असाच ओट्यावर पुस्तकं मांडून बसलो होतो. शाळेतले एक गुरुजी मुद्दाम बघायला आले होते. बाजाराचा दिवस. घोंगड्या विकायला आलेली एक म्हातारी धनगरीण रस्त्यानं चालली होती, ती थांबली. खाली वाकून तिनं त्या काठावरून बोट फिरवलं.

"दादा, हे माझ्या लेकीचं लुगडं हाय."

मी म्हणालो, "मावशी, असे काठ शंभर जणींचे असतात."

"काठ असंल. टाका तिचा हाय. उजवीकडून घालायची ती, मी लय सांगितलं तरी."

लेक बाळंतपणात गेली होती. अंगावरचं, पेटीतलं सगळं रीतीनं देऊन टाकलेलं. मागं नात राहिली होती. आई गेलेल्या लेकराच्या गोधडीत आईच्या लुगड्याचा तुकडा घालतात, म्हणजे लेकरू आईच्या पांघरुणात निजतं. तिच्या घरात तुकडाच उरला नव्हता.

"पुस्तक तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या. वरचं कापड तेवढं द्या. मी घोंगडं देते बदल्यात."

गुरुजी हसत म्हणाले, "द्या की हो. कापड नसलं म्हणून वाचायचं थोडंच अडतंय? का तुम्ही नुसती कव्हरंच बघता?"

ते सहज बोलले असतील. मला मात्र वाटलं, हा माझ्या दोन यत्ता काढायलाय. मी पुस्तक उचलून मांडीखाली घेतलं आणि म्हणालो, "दिलं तवा कळलं न्हाई? दिलेलं मागायला येतेत का कुणी?"

ती म्हणाली, "तवा ती जित्ती व्हती, दादा."

घोंगड्यांचं ओझं डोक्यावर घेऊन गेली. गुरुजीही पान न खाता उठले. बायको दारातून सगळं बघत होती. म्हणाली, "तेवढं कापड उंदरानं बी कुरतडलं असतं. त्याला काय म्हनला असता तुमी?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

थंडी पडली तसं मला राहवेना. ब्लेड घेऊन पुस्तक पुढ्यात धरलं. वरचा पुठ्ठा बघितला, मग उलटून मागचा बघितला. मागं त्याच लुगड्याचं साधं अंग होतं, काठ नसलेलं. मी मागचं कापड सोडवलं.

बाजारात विचारून गेलो. देवगाव फाट्याच्या पुढं तिच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, बसला होता. मेंढरं रानात गेलेली, ती एकटीच नातीला घेऊन बसली होती. गोधडी अर्धी शिवून झाली होती. मी कापड दिलं. तिनं ते पसरलं, उलटंसुलटं केलं.

"काठ कुठाय, दादा?"

"खळीनं कुजला होता," मी म्हणालो. "सोडवताना फाटला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मेंढरांच्या रिकाम्या जागेकडं बघत होतो.

"बरं," ती म्हणाली. "एवढं आणलं, लय झालं." मग उठून मला पितळीत दूध दिलं. शेळीचं, गरम. नको म्हणायला तोंड नव्हतं. मी सगळं प्यालो.

पुढच्या वर्षी त्या रानात वाडा नव्हता. कुठं गेले, मी एकदोघांना विचारलं. जास्त विचारलं नाही. सापडली असती तर काठ द्यावा लागला असता.

लोक अजून येतात, पुस्तकं बघतात. ते पुस्तक मी वरची बाजू वर करूनच हातात देतो. मागच्या पुठ्ठ्याचं काय झालं, असं कुणी विचारलं तर कसर लागली म्हणतो.