मरळीचा पारा

छबुबाई तीस वर्षं घाटनांदूरच्या बाजारात मासे विकत होती, पण तिचे केस कुणी मागितले नव्हते. ते मागितले योगितानं.

योगिता विद्यापीठातली पोरगी, तलावातला पारा मोजायला आलेली. आधी गाळ नेला, मग माशांचे तुकडे नेले, आणि एके सकाळी कात्री घेऊन छबुबाईच्या अंगणात हजर.

"केस? कावून गं? करणी करतीस का माज्यावर?"

"नाही मावशी. मासे खाणाऱ्याच्या केसांत पारा उतरतो. तुमच्यात किती आहे, बघू."

"मग आमच्या ह्यांचे घे. मरळीचं डोकं दुसऱ्या कुणाला मिळतच न्हाई."

रामकिसनचं टक्कल उन्हात चकाकत होतं. योगिताची नजर मिशीवर गेली, तसा तो जाळं वाळत घालायला पळालाच.

शेवटी छबुबाईनंच मान वाकवली. कापता कापता योगिता सांगत होती: कोळशाच्या धुरातला पारा पावसाबरोबर तलावात पडतो, गाळात त्याचं जहर होतं. ते किड्यांत जातं. किडे खाते चिलापी, चिलापीला खाते मरळ. वर जाईल तसं साठत जातं.

"म्हंजी खालच्यांनी खायचं अन् वरच्याच्या पोटात जमायचं! ह्यात नवं काय सांगितलंस?"

दोन महिन्यांनी फोन आला. छबुबाईचे केस ठीक होते. पण ह्या तलावातली मोठी मरळ पोटुशा बायांनी आणि लहान लेकरांनी खाऊ नये, असं निघालं. छबुबाईचं तोंड उतरलं. मोठी मरळ ही तिची शान. तिच्यासाठी माणसं लांबून यायची.

पुढच्याच बाजारी पाटीत हातभर मरळ, आणि समोर सातव्या महिन्यातली पंचशीला.

"मावशी, हीच द्या. लई डोहाळे लागलेत."

छबुबाईनं मरळ उचलली. विकली तर कुणाला कळणार होतं? तिनं ती परत खाली ठेवली.

"ही न्हाई मिळायची. हिच्यात पारा हाय."

शेजारच्या मासेवाल्या खदखदल्या. "छबे, पारा तुजाच चढलाय!"

"हसा! पोरी, बाळंत हुईस्तवर मोठी मरळ विसर. ही बारकी चिलापी ने, कुरकुरीत तळ."

पंचशीला रुसली. तरी छबुबाईनं चार चिलाप्या तिच्या पिशवीत कोंबल्याच.

पंधरा दिवसांनी ती आली, ती आणखी दोन पोटुशींना घेऊन.

"मावशी, आमच्याजोगतं काय हाय?"

छबुबाई पदर खोचून डॉक्टरीणबाईच्या थाटात एकेक मासा दाखवू लागली. शेजारणी आपली गिऱ्हाइकं सोडून कान देऊन ऐकत होत्या.