गारेगार माणसाची सुट्टी

आमच्या इमारतीत मला सगळे गारेगार म्हणतात. मी एसी दुरुस्त करतो, म्हणून. या नावाचा माझ्या स्वभावाशी काडीचा संबंध नाही, हे माझी बायको कुणी न विचारता सांगते.

लोकांची घरं गार करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र भिंतीवर एसीचा नुसता सांगाडा आहे. त्याच्या पंख्याची मोटर एका आजोबांच्या बेडरूममध्ये फिरते आहे आणि सर्किट बोर्ड एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागला आहे. "गिऱ्हाईक अडलं होतं, उद्या आपला नवा आणून बसवतो," असं मी दोन्ही वेळा म्हणालो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे दिव्याखाली उकाडा. सासूबाई उन्हाळ्यात राहायला येतात, तेव्हा बरोबर त्या सांगाड्याखाली खुर्ची टाकून बसतात, वर्तमानपत्राने वारा घेतात आणि अधूनमधून वर बघतात. बोलत काही नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. मुलांच्या शाळेला सुट्टी लागते आणि माझी संपते. त्या दिवसांत मुलांना मी एक तर झोपलेला दिसतो, नाही तर चपला शोधताना. आणि याचं मला वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर मिरवायचो मी. "श्वास घ्यायला वेळ नाही हो," हे वाक्य मी इतक्या अभिमानाने म्हणायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं, शहरातला सगळा थंडावा माझ्याच खांद्यावर उभा आहे.

मग एका दुपारी एका गिऱ्हाइकाने ऐनवेळी नको म्हटलं आणि मी घरी राहिलो. पोरं घर-घर खेळत होती. मुलगा सात वर्षांचा, त्याला आम्ही ढब्बू म्हणतो. मुलगी चार वर्षांची, तिला अर्थातच मिरची. पलंगाला चादर लावून त्यांनी घर केलं होतं. ढब्बू आई झाला होता आणि मिरची बाबा. बाबा होणं म्हणजे काय, तर खांद्याला पिशवी लावायची, "येतो गं, उशीर होईल" म्हणायचं आणि गॅलरीत जाऊन उभं राहायचं. बस्स. बाबाला पुढे कामच नव्हतं. खेळ चालू होता तोवर ती बिचारी गॅलरीतच होती, अगदी गंभीर चेहऱ्याने.

"मी कोण होऊ?" मी विचारलं.

मिरचीने गॅलरीतूनच मला खालून वर नीट पाहिलं. "तू पाहुणा हो."

झालो पाहुणा. चादरीखाली वाकून बसलो. खोटा चहा मिळाला. तो अर्धा होतो न होतो तोच माझा खरा फोन वाजला आणि मी उठलो.

"पाहुण्यांना घाई असते," ढब्बू हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाला आणि त्याने माझा कप विसळून ठेवला.

तेव्हा मी हसलो. जिना उतरताना मात्र हसू आलं नाही. पोरांच्या त्या चादरीच्या घरात मला बाबा व्हायचं होतं, आणि ती जागा भरलेली होती.

त्याच रात्री मी जाहीर केलं, "ऐन सीझनमध्ये एक दिवस सुट्टी. फोन बंद. सगळे थीम पार्कला." बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग अटी घातल्या. हत्यारांची पिशवी घरी राहील. आणि कुठेही गेलो तरी एसीच्या झोताखाली हात धरायचा नाही.

या दुसऱ्या अटीला इतिहास आहे. बँक असो, हॉटेल असो, कुणाला भेटायला म्हणून गाठलेलं हॉस्पिटल असो, आत शिरलो की माझा हात आपोआप वर जातो आणि तळवा झोत तपासतो. जित्याची खोड. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेवाचा हात वर आहे. अनोळखी माणसाला वाटतं, मी आशीर्वाद देतोय. सासूबाईंना काय वाटलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही अटी मी मान्य केल्या. फक्त मोज्यात एक छोटा स्क्रूड्रायव्हर सरकवला. माणसाने अगदीच निःशस्त्र घराबाहेर पडू नये.

थीम पार्कची कल्पना ज्याला कुणाला सुचली, तो थंड मुलखातला असणार. गाडी लावली तिथून फाटकापर्यंत पोचतानाच चपला-बूट डांबराला चिकटायला लागले. आत एक गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा होता. ढब्बू घोड्यावर बसला आणि घोड्याआधी तोच उधळला, इतकी ती बैठक तापलेली. सासूबाई होडीत बसल्या, डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या आणि "पुन्हा एकदा" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून उन्हाळ्यात आलेला हा पहिला आनंदी शब्द.

मुलांशी हात मिळवायला अस्वलाच्या पोशाखात एक माणूस उभा होता. मिरचीने त्याला विचारलं, "तुला उकडत नाही?" अस्वलाने मान हलवून "हो" म्हटलं. झालं. मी पुढे सरसावलो आणि डोक्याच्या आत बॅटरीवरचा पंखा कुठे बसवता येईल, हवा कुठून आत यावी, कुठून बाहेर जावी, हे त्याला समजावून सांगू लागलो. अस्वल बराच वेळ सभ्यपणे ऐकत होतं. शेवटी ते हात हलवत निघून गेलं, आणि मुलांचा फोटो राहिला तो राहिलाच.

पण मुलं आली होती ती हिमघरासाठी. पार्कच्या मधोमध एक बंद हॉल होता आणि आत खराखुरा बर्फ. येताना गाडीत मिरचीने दहादा विचारलं होतं, "खरा बर्फ?"

"खरा. आपण त्याचं घर बांधू."

"तू पण?"

"मी पण. आणि मग घर-घर खेळू."

ती माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक मला "उद्या नक्की येता ना?" विचारतं तेव्हा असंच बघतं.

हिमघराची रांग पत्र्याखाली होती, लोखंडी दांड्यांमधून वळणं घेत जाणारी. पोरं दांड्यांना लोंबकळत होती, सासूबाई घडीच्या स्टुलावर बसत-उठत पुढे सरकत होत्या. भिंतीपलीकडून मशीनची घरघर ऐकू येत होती. बाकीच्यांना तो गोंगाट. मला अंगाईगीत.

आणि ती घरघर थांबली.

माझे कान टवकारले. बायकोने माझे कान पाहिले. "अहो," ती म्हणाली. नुसतं अहो. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्या एका शब्दात सगळ्या अटी मावतात.

"मी काहीच करत नाहीये," मी म्हणालो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. "ऐकलंत? कॉम्प्रेसर गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे आत आता बर्फाचं पाणी होणार. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझा धंदाच तो आहे," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच. चार लोकांनी वळून पाहिलं. मला बरं वाटलं. पुढच्या माणसाने बायकोला सांगितलं, तिने तिच्या पुढच्यांना, आणि बातमी रांगेत पसरली. लोक कुरकुरत दांड्यांखालून वाकून बाहेर पडू लागले. मिरचीचा चेहरा पडला. तो बघून मला कर्तव्याची जाणीव झाली.

"मागे जाऊन बघून येतो. किरकोळ असेल तर लावून देतो."

"पिशवी घरी आहे ना?" बायकोने विचारलं.

"जवळजवळ," मी म्हणालो.

मिरचीने फक्त एवढंच विचारलं, "उशीर होईल?"

"छे! हा गेलो आणि हा आलो."

हॉलच्या मागे जाळीआड मशीनं होती. तिथे एका उलट्या खोक्यावर पार्कचा मेकॅनिक बसून शांतपणे डबा खात होता. चांगला जाडजूड मिशांचा माणूस. मी एका पायावर उभा राहून मोज्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचा घास हातातच राहिला.

"काय पाहिजे?"

"घाबरू नका. मीही याच धंद्यातला. कॉम्प्रेसर बसला ना?"

"बसला नाही. मीच बंद केलाय."

"बंद? एवढी रांग असताना?"

"डीफ्रॉस्ट," तो म्हणाला. "आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. रोज दुपारी थोडा वेळ मशीन बंद ठेवून तो उतरवायचा. तोवर आतली खोली गारच राहते. तुम्ही धंद्यातलेच ना?"

उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, पण ऐनवेळी माणसाला पोटात घेण्याइतकी ती दुभंगत नाही. फ्रिजमध्ये बर्फ धरला की घाबरून फोन करणाऱ्या शेकडो बायाबापड्यांना मी हेच समजावत आलोय. "घाबरू नका ताई, थोडा वेळ बंद ठेवा." आणि आज स्वतः मात्र चार लोकांनी वळून पाहावं म्हणून... हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

धावत परत आलो तर रांगेत कुणीच नाही. माझी माणसंही नाहीत. दारावर जाड जाकीट घातलेली एक मुलगी होती.

"एक बाई, आजी आणि दोन मुलं?" मी विचारलं.

"गेली की आत. एकदम नंबर लागला त्यांचा. कुणीतरी शहाण्याने मशीन बिघडल्याची आवई उठवली, पुढचे सगळे निघून गेले." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आता पुढच्या फेरीला. मध्ये दार उघडत नाही."

म्हणजे मी स्वतःच्या तोंडाने रांग रिकामी केली, माझ्या माणसांना आत पाठवलं आणि मी बाहेर राहिलो. ठरवून करायला गेलो असतो तर जमलं नसतं.

दाराला गोल काच होती. मी नाक लावलं. आत बायको ढगळ कोटात, गाल लाल, कधी नव्हे इतकी हसत होती. ढब्बूने बर्फाच्या चार भिंती गुडघ्याएवढ्या उभ्या केल्या होत्या. सासूबाई गोळे वळत होत्या. मिरची दिसेना. मग दिसली. पार पलीकडच्या कोपऱ्यात, त्या घरापासून लांब, एका लोखंडी दाराजवळ ती एकटी उभी होती. पाण्याच्या बाटलीची पिशवी खांद्याला. गंभीर चेहरा. खऱ्या बर्फात, आयुष्यात पहिल्यांदा वाट्याला आलेल्या बर्फात, माझी मुलगी कामावर गेली होती.

तिला रडू आलं असतं, ती माझ्यावर रागावली असती, तर मी सहन केलं असतं. ती तर अगदी मन लावून उभी होती.

मी पुन्हा मागे धावलो. मेकॅनिक डब्याचं झाकण लावत होता.

"दादा, तो लोखंडी दरवाजा इकडून उघडतो का? माझी मुलं आत आहेत. मी येतो म्हणालो होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मोज्याकडे पाहिलं. "तुमच्याही घरी सीझनमध्ये हेच?" तो म्हणाला आणि किल्ल्या काढल्या. "कोट घ्या."

"नको. तेवढा वेळ नाही."

घामाने चिंब शर्टावर ती हवा बसली आणि माझे दातच वाजायला लागले. दारातच मिरची. आम्ही दोघं समोरासमोर.

"तू पण इथेच कामाला?" तिने विचारलं.

"नाही. मी आलो."

"बरं झालं." तिने खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली. "मी दमले. आता तू बाबा हो. इथे उभा राहा, हलू नकोस."

इतके दिवस हवी होती ती जागा अशी आयती मिळाली. बाबा. घरापासून लांब, कोपऱ्यात, लोखंडी दाराशी. मी पिशवी पुन्हा तिच्या हातात दिली.

"मला बाबा नाही व्हायचं. मी पाहुणाच होतो."

"का?"

"पाहुण्याला आत बसायला मिळतं."

तिने विचार केला. "पण पाहुण्यांना घाई असते."

"या पाहुण्याला नाही."

तिने माझं बोट धरलं आणि मला बर्फाच्या भिंतींपर्यंत नेलं. मी आत मांडी घालून बसलो. ढब्बूने बाटलीच्या झाकणात बर्फ भरून चहा दिला. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःचा कोट काढून माझ्या पाठीवर टाकला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गार लागतंय का?" त्या सांगाड्याखाली बसून त्यांनी हा प्रश्न किती उन्हाळे जपून ठेवला होता, देव जाणे.

तेवढ्यात भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. डोक्यावरच्या झरोक्यातून ताजा झोत आला आणि माझा हात उठला. बायको बघत होती. मी तो हात झाकणाखाली धरला आणि दोन्ही हातांनी सगळा चहा प्यायलो.

मिरची पिशवी घेऊन अजून उभीच होती. तिने रिकाम्या झाकणात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू खरंच नाही जाणार?"

"नाही."

"मग मी पण आज नाही जात कामाला," ती म्हणाली. तिने पिशवी बर्फावर ठेवली आणि माझ्या मांडीत येऊन बसली.