धुऱ्याकडची पहिली पात

"तुम्हाला मायोकार्डायटिस झालाय. म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आलीय," अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

मी आसेगावची. निंदणाला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. प्रत्येकीनं निंदत जायची पट्टी म्हणजे पात; धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, पहिली पात माझी. मी पुढे, बाकीच्या माझ्या मागे. माझ्यापुढे कोणी गेलेलं मला खपत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

ऐन निंदणात ताप आला आणि गेला. नंतर छातीत दुखायला लागलं, पायरी चढतानाही धाप लागायची. पित्त असेल म्हणून मी ओवा चावत राहिले. शेवटी वावरातच खाली बसले, तेव्हा माझ्या मागची पात धरणारी विमल मला घेऊन दवाखान्यात आली.

ईसीजी झाला, मग रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. माझं बरंच वाढलं होतं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या साफ निघाल्या, म्हणजे हार्ट अटॅक नव्हता. मग एमआरआय, आणि रिपोर्टसाठी बाकड्यावर ताटकळणं. ते मला जन्मात जमलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला मी भंडावून सोडलं.

"तापाचा विषाणू मारायला तुमची प्रतिकारशक्ती कामाला लागली," डॉक्टरांनी समजावलं. "पण हृदयाच्या स्नायूतली काही प्रथिनं तिला विषाणूसारखीच वाटली. आता ती तुमच्याच हृदयावर हल्ला करतेय."

"म्हंजे नवी बाई निंदाले आली, अन् गवत समजून पीकच उपटून राह्यली?"

"अगदी तसंच," डॉक्टर हसले. मग गंभीर झाले. "औषधांनी तिचा हात आवरू. पण सहा महिने जड काम बंद. सूज असताना राबलात तर ठोके बिघडून जिवावर बेतेल."

खरं सांगते, जिवाआधी मला पातीचीच काळजी लागली.

घरी आले. सकाळी बायका विळे घेऊन दारावरून जायच्या आणि मी ओसरीत गोळ्या मोजत बसायची. असा संताप यायचा! एकदा विमलला विचारलंच, "पयली पात कोन धरते आता?"

"कोनीच नाई," ती म्हणाली. "आपापली पात झाली का आमी सगळ्या मिळून तुही पात निंदतो. तू कायले जीव जाळतं?"

मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही, की पाण्याचा हंडा उचलला नाही.

तुमच्या घरात कुणाला तापानंतर छातीत दुखलं, धाप लागली, तर माझ्यासारखा ओवा चावत बसू नका. ईसीजी काढा. आणि डॉक्टरांनी बसा म्हटलं तर बसा.

पुढे इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय पुन्हा नीट काम करत होतं. डॉक्टरांनी हळूहळू कामाची परवानगी दिली.

पुढच्या पावसाळ्यात मी वावरात गेले. बायका आपापल्या पातीवर उभ्या होत्या, धुऱ्याकडची तेवढी मोकळी होती. मी विळा घेतला आणि निघाले. अर्ध्यात दमले. विमल माझ्यापुढे निघून गेली आणि मागे वळून ओरडली, "बस वं माय जराशी! पात कुठी पळून नाई चालली."

सगळ्यांच्या देखत मी धुऱ्यावर बसले, पाणी प्याले. मग उठून माझी पात पुरी केली. त्या दिवशी मी सगळ्यात शेवटी पोचले, आणि इतक्या ताठ मानेनं मी आजवर कधी घरी आले नव्हते.