मोहाला चुन्याचा पट्टा

आमगावच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात मेथीच्या लाडवांचा डबा होता, दुसऱ्या हातात सरगुंड्यांचं, म्हणजे हातानं वळलेल्या गव्हाच्या शेवयांचं, गाठोडं, आणि कमरेला चुन्याची डबी. पोचवायला आलेले आमचे हे खिडकीजवळ उभे राहून म्हणाले, "पोरीले घेऊनच ये. पडू दे इकडे दोन-चार महिने." मी म्हटलं, "आणतेच, पाहा." इतक्या भरवशानं मी घर सोडलं होतं.

आमची धाकटी शांता भिलाईला दिलेली. जावई केशवराव तिथं नव्या लोखंडाच्या कारखान्याच्या बांधकामावर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून चैत्र लागला की तिला आणायची ठरवली होती. पोरगं तेवढं थांबलं नाही. माघातच आलं, आलं तसं गेलंही. निरोप आमच्यापर्यंत पोचला तोवर सुतक फिटलं होतं, आणि मग लाखोळीची मळणी आडवी आली. लाडू बाळंतिणीचे. पोर नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच, अंग तर झिजलेलंच असतं, असं म्हणत मी ते वळले. वळताना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

दरेकसाच्या बोगद्यात इंजिनाचा धूर डब्यात शिरला आणि माझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला. समोरच्या बाईनं पदराचं टोक पिळून तो काढून दिला. "रडून घ्या थोडंसं, आपोआप निघते," म्हणाली. डोंगरगडला टेकडीवरच्या देवीला सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पण मागायचं काय ते काही सुचेना. राजनांदगाव गेलं, दुर्ग गेलं. मग सपाट रानात आभाळाला टेकलेलं काहीतरी काळं दिसायला लागलं. मला वाटलं, एवढी उंच ताडाची झाडं इकडे? जवळ आल्यावर कळलं, ती लोखंडाची होती.

स्टेशनवर जावई आले होते. कपड्यांवर, भुवयांवर, मिशीवर लाल मुरमाची धूळ. वाकून पाया पडले तेव्हा धूळ माझ्या पायांवर पडली. "मामीजी, घरी तिच्यापुढं त्या गोष्टीचं काई काढू नका," एवढंच बोलले. मग वाटभर त्यांनी मला यंत्रं दाखवली. हे माती उचलते, हे ढकलते, हे उंच लोखंड चढवते. मीही "अगं बाई, अगं बाई" करत राहिले. दोघांनाही दुसरं बोलायचं नव्हतं.

कॅम्प एकमध्ये त्यांची खोली. वर टिनपत्रा, खाली शेणाची जमीन, मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत. पलीकडच्याला शिंक आली तर आपण "सत्य आहे" म्हणावं, एवढी जवळीक. शांता दारात उभी होती. वाळली होती. गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं, पण तिनं हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "माय, पाय धू आधी. पाणी मोजूनच हाय."

त्या आठवड्यातली गंमत आणि जाच काय सांगू तुम्हाला! भोंगा वाजला की मी दचकून उठायची. पाळी बदलली की वाजतो तो, शांता म्हणायची, सवय होते. भात कितीही निवडा, दाताखाली खडा येणारच. माझं फिकं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं, ते वाळेस्तोवर गेरूत बुडवल्यासारखं झालं. शेगडीला कोळसा, तो पेटेस्तोवर डोळे पेटतात. नळावर हंड्यांची रांग आणि त्या रांगेत चार मुलखांच्या बायांची भांडणं. भाषा निरनिराळी, पण भांडण सगळ्यांना समजायचं. जावई रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि तापलेल्या पत्र्याखाली ओलं फडकं अंगावर घेऊन झोपायचे. त्यांच्या झोपेसाठी आम्ही दोघी दिवसभर कुजबुजत बोलायचो.

कुजबुजीतच मी रोज विचारायची, "कधी निघाचं, शांते?" आणि रोज काहीतरी निघायचं.

"रेशनची साखर येऊन राहिली, माय. ती घेतो आन् मंग पाहू."

"ह्यायची पाळी बदलू दे. उपाशी राहतीन."

"ऊन किती हाय! एवढ्या उन्हात कोण जाते?"

"अगं, माहेरी ऊन नाई का?" मी म्हणायची. ती उठून शेगडी फुंकायला लागायची.

सुखाचा एक दिवस आला, बाजाराचा. कांदे, सुकी मासळी, चेंच भाजी (अंबाडीसारखा पाला, पण आंबट नाही) असं सगळं जमिनीवर मांडलेलं. तिथं एक रशियन मडम आली. कारखान्यात त्यांची माणसं आहेत, त्यांच्यातल्या कोणाची तरी बायको असावी. गोरी, घामानं लाल झालेली, डोक्याला रुमाल. तिनं बोटानं वांगी दाखवली. विकणारी म्हातारी तिला पैसे सांगेना, आधी वांग्याची भाजी कशी करायची ते हातवारे करून शिकवायला लागली. मडम मान डोलावते, म्हातारी परातीत कालवल्यासारखे हात फिरवते, मग मडमही तसेच हात फिरवते. आजूबाजूचा बाजार थांबला. तेव्हा शांता हसली. पदर तोंडावर घेऊन, खांदे हलेस्तोवर हसली. मी वांगी पाहिलीच नाहीत, तिच्याकडेच पाहत राहिले.

घरी येताना तिची चोळी पुढून ओली दिसली. घाम असेल, म्हणून मी काही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. खोलीजवळच नळ असताना ही पहाटेस हंडा घेऊन लांबच्या नळावर जायची, मैदानापलीकडे, आणि आल्यावर हंडा अर्धाच भरलेला असायचा. "तिकडे गर्दी नसते," म्हणायची. एका सकाळी मी मागून गेले.

मैदानावर पुष्कळ झाडं पाडून टाकलेली होती. उभी होती त्यांत एक मोहाचं. फुलांचा सडा पडलेला, तो गोड, आंबूस वास सगळीकडे. छत्तीसगडी बाया टोपल्यांत फुलं वेचत होत्या. शांता मात्र झाडाच्या एका बाजूला जमिनीवर हात टेकून बसली होती. हंडा बाजूला आडवा. वेचणाऱ्या बाया तेवढी जागा सोडून वेचत होत्या.

त्यांच्यातली सुकवारो आमच्या भिंतीपलीकडची शेजारीण. तिनं मला हाताला धरून अलीकडेच थांबवलं. हळूच म्हणाली, "नानकुन लइका ला हमन महुआ तरी माटी देथन, दाई. महुआ ओला दूध पियाथे." (लहान लेकराला आम्ही मोहाखाली माती देतो, बाई. मोह त्याला दूध पाजतो.) परक्या गावात बाळाला न्यायचं कुठं, हे जावयांना कळेना, तेव्हा तिच्या नवऱ्यानं ही जागा दाखवली होती. आणि उठून चालता येऊ लागताच जावयांनी शांताला आणून जागा दाखवली.

मी तिथंच बसले. बायांनो, माझाही एक गेला आहे, शांताच्या आधीचा. सासऱ्यांनी आणि ह्यांनी त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून नाल्याकडे नेला. बाईमाणसानं तिकडे पाहू नये, असं सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून नाल्यावर धुणं धुते, पण कुठल्या दगडाशी, कुठल्या झाडाशी, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शांताची ओली चोळी तेव्हा मला कळली.

आता पुढचं ऐका, इथं माझा शहाणपणा नडला. त्या मोहाच्या बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर चुन्याचा पांढरा पट्टा मारलेला होता. दूरच्या दोन-तीन झाडांनाही होता, बाकीच्यांना नाही. आमच्याकडे जंगलचा ठेकेदार कटाईच्या झाडाला असाच पट्टा मारतो. पट्टा दिसला की गावातलं पोरगंही सांगेल, हे झाड गेलं. शांताला सांगायचं माझ्यानं धजेना. दुसऱ्या दिवशी तिच्याआधी उठले, नारळाची शेंडी आणि तांब्याभर पाणी घेतलं, आणि तो पट्टा घासून घासून काढला. सालीच्या भेगांतला चुनासुद्धा नखानं काढला. जीव हलका झाला.

खोलीवर आले तर जावई पाळीवरून येऊन भाकर खात होते, शांता वाढत होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काई भेव नाई आता. मोहाचा पट्टा पुसून आली मी."

जावयांचा घास हातातच राहिला. "मामीजी, ज्याले पट्टा ते झाड ठेवाचं हाय. बिनपट्ट्याचे पाडाचे. ओवरशेर साहेबाच्या मागं किती फिरलो मी त्या पट्ट्यासाठी!"

तेवढ्यात मैदानाकडून यंत्राची घरघर आली. रोजच यायची, पण त्या दिवशी ती तिघांनीही ऐकली. शांतानं परात खाली ठेवली आणि धावत सुटली. जावई उष्ट्या हातानं ओवरशेरला शोधायला गेले.

मी भिंतीला तोंड लावून ओरडले, "सुकवारो! चुना हाय का तुझ्याकडे? चुना!"

"चुना नइ हे दाई, छुही हे!" (छुही म्हणजे भिंत सारवायची पांढरी माती.) ती भिजवलेलं मडकंच घेऊन निघाली. वाटेत तिनं काय सांगितलं कोण जाणे, मागोमाग चार बाया आल्या. मोहाशी पोचलो तर शांता बुंध्याला पाठ लावून उभी होती. मी डबी उघडली आणि होता नव्हता तो चुना छुहीत कालवला. ब्रश कुठला! हातांनीच फासलं. शांतानं पोटाशी झाड धरून पलीकडचा भाग फासला.

पिवळं यंत्र समोर येऊन थांबलं. चालवणारा सरदारजी, पिकल्या दाढीचा, खाली उतरला. पट्ट्याला बोट लावलं. बोट पांढरं झालं. त्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या मनगटापर्यंत पांढऱ्या.

"किसने लगाया?"

सुकवारो म्हणाली, "भगवान लगाइस, साहेब."

तो हसला नाही. झाडाच्या पायथ्याशी फुलं न वेचलेली तेवढीशी जागा होती, तिच्याकडे पाहत राहिला. मग शांताकडे न बघता म्हणाला, "थोड़ा मोटा लगाओ, बहनजी. दूर से दिखता नहीं." आणि यंत्र वळवून घेऊन गेला. जावई ओवरशेरला घेऊन आले तोवर पलीकडची दोन झाडं आडवी झाली होती.

त्या दिवशी शांता माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आल्यापासून पहिल्यांदा. मला रागावलीही. "माय, तू विचारत कावून नाई?" मी तिच्या केसांत हात फिरवत राहिले. खरंच, विचारायची सवयच नाही आम्हाला.

निघायच्या दिवशी मी पुन्हा एकदा म्हटलं, "चल ना, बाई. झाड तर वाचलं."

"आता तं कशी येऊ, माय?" ती म्हणाली. "पाणी पडलं का पट्टा धुऊन जाईन. पुन्हा लावा लागते."

लाडवांचा डबा तिथंच ठेवला, रोज एक खायची शपथ घातली. तिनं मला वाळवलेल्या मोहफुलांची पुरचुंडी दिली. सुकवारोनं स्टेशनपर्यंत गाठोडं आणलं. गाडी सुटली तेव्हा जावई हात हलवत होते, शांता नुसतीच उभी होती. डोंगरगडला मी देवीला हात जोडले आणि या वेळी मागितलं, यंदा पाणी जरा उशिरा येऊ दे. आमच्या घरी धानाची शेती आहे, तरी मागितलं.

आमगावला आमचे हे बंडी घेऊन आले होते. माझ्यामागे कोणी उतरतं का ते पाहत राहिले. गाडीचा डबा रिकामा झाला तरी म्हणाले, "शांता?"

"नाई आली," मी म्हटलं. बंडीत बसल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते बैलांकडे पाहत ऐकत होते. सांगून झालं तेव्हा मी विचारलं, "आपला कुठं ठेवला तुम्ही?"

त्यांनी बैलांचा कासरा सैल सोडला. मग ते म्हणाले, "पळसाजवळ."

"कोणत्या?"

"तो तोडला, मागंच."

घर आलं होतं, पण त्यांनी बंडी घराशी उभी केली नाही, तशीच नाल्याकडे नेली. खाली उतरून काठाकाठानं चालले, न चुकता. एका ठिकाणी थांबले. पळस तोडला तरी मरत नाही, मुळातून फुटतो. तिथं बोटाएवढाले चार-पाच धुमारे वर आले होते.

मी डबी काढली. कडेला चिकटलेला चुना नखानं खरवडला. त्यातल्या एका धुमाऱ्याला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून फिरवलं. पट्टा बसला.

पाणी पडलं की तो धुऊन जाईल. मग पुन्हा लावीन.